काकांच्या वाटणीचा डोनट

आमच्या डोनटकाकूंनी उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी म्हणे भोवळ आल्याचं सोंग केलं आणि सासरच्यांनी घाबरून तो विषयच सोडून दिला. पुढं बँकेत कोणी नवऱ्याचं नाव विचारलं की त्या आधार कार्ड पुढं सरकवायच्या आणि म्हणायच्या, "वाचा की, डोळं हायत न्हवं?"

मी साताऱ्याची. नोकरीसाठी सांगलीला आले आणि माधवनगरात काकूंच्या माडीवर भाड्यानं राहू लागले. काका यंत्रमागांची दुरुस्ती करायचे. मी येण्याच्या थोडं आधीच ते वारले होते, आणि मुलगा पुण्यात. घरात काकू एकट्या, तरी खालून बोलण्याचा आवाज यायचा. "आवं, पंखा बारीक करू का?" असं विचारून त्या जरा थांबायच्या आणि मग पंखा बारीक करायच्या. त्यांचं ते थांबणं ऐकलं की माझ्या अंगावर काटा यायचा.

"भायेरचं कशाला? मी घरीच करते की," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काकांनी एकदा सांगलीच्या एका बेकरीत चॉकलेट भरलेले डोनट पाहिले आणि म्हणाले, यंदा लग्नाच्या वाढदिवसाला केक नको, हा एकच आणू आणि दोघांत खाऊ. सगळ्या संसारात त्या अबोल माणसानं केलेली लाडीगोडी काय ती एवढीच. त्यावरही काकूंनी तेच वाक्य ऐकवलं. मग यीस्ट मिळेना, मिळालं तर पीठ फुगेना, आणि वाढदिवसाच्या आधीच काका छातीत कळ येऊन गेले.

तेव्हापासून दर वाढदिवसाला काकू डोनट करायच्या. कोमट दुधात यीस्ट, लोणी घालून मळलेला मैदा, वर ओलं फडकं. फुगलेलं पीठ स्टीलच्या ग्लासानं गोल कापायचं, मंद आचेवर तळायचं आणि दुधाच्या धुतलेल्या पिशवीचा कोपरा कापून त्यातून चॉकलेट भरायचं. त्यांच्या माहेरी, कोरेगावकडं, गेलेल्या माणसाचं पान मागच्या दारी ठेवून त्याला नावानं हाक मारायची रीत होती. नाव घेतल्याशिवाय त्याला वाट कळत नाही म्हणे. पहिल्या वर्षी काकूंनी "आवं, ऐकलं का" एवढंच म्हटलं आणि डोनट ताटलीत तसाच वाळून गेला. "मला कुठलं जमतंय? तू मार की हाक, पोरी," दुसऱ्या वर्षी त्या मला म्हणाल्या.

म्हणून मी तिन्हीसांजेला मागच्या दारात उभी राहिले आणि हसू दाबत ओरडले, "दिनकरकाका, खायला या!" दार लावून आम्ही आत बसलो. थोड्या वेळानं काकूंनी ताटली आणून डोनट माझ्या तळहातावर ठेवला. वरून अख्खा, पण हाताला अगदी हलका. फोडला तर आत चॉकलेटचा टिपूसही नव्हता. "कडंचं चावत न्हाई त्यांना. दात गेल्यात," काकू कौतुकानं म्हणाल्या. मला वाटलं, भरायचाच राहिला असेल. पुढच्या वर्षी मी तो स्वतः भरला, पार ओघळेपर्यंत. तोही पोकळ निघाला. साधी मुंगीसुद्धा लागलेली नव्हती.

त्यानंतर संध्याकाळी माझ्या जिन्यावर चपला वाजू लागल्या. माझ्या दारापर्यंत यायच्या आणि थांबायच्या. मी रडकुंडीला येऊन काकूंना सांगितलं. "हाक तू मारलीस न्हवं? मग तुज्याकडंच येनार की," त्या म्हणाल्या. "भिऊ नगं, माणूस लय गरीब." मग पदराशी चाळा करत हळूच म्हणाल्या, "मी रोज काय बाय इचारते. मला कवा उत्तर येत न्हाई गं." त्या दिवशी मला भीती कमी आणि त्यांचंच वाईट जास्त वाटलं.

यंदा काकूंचे गुडघे पार गेले. मुलानं घर विकून त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. काकूंना घराचं काही वाटत नव्हतं. "हे हितं येनार आन् मी तिकडं. मग मी त्यांना कुठं हुडकू?" एवढंच त्या पुन्हा पुन्हा विचारायच्या.

निघायच्या दिवशी त्यांनी पहाटे उठून डोनट केले. गाडी दारात उभी होती. त्या भिंतीला धरून मागच्या दारी गेल्या. मी हाक मारायला तोंड उघडलं तर त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. मग डोक्यावर पदर घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "दिनकरराव... चला. पोराकडं जायाचंय आपल्याला."

काहीच झालं नाही. झाडाचं पानसुद्धा हललं नाही. काकूंचा चेहरा उतरला. मुलानं त्यांना हाताला धरून मागच्या सीटवर बसवलं आणि त्यांचा पट्टा लावला. गाडी सुरू झाली तशी आतून टुंग टुंग वाजू लागली. सीटवर बसलेल्या कोणी पट्टा लावला नाही की वाजते, तशी.

मुलानं वळून पाहिलं. काकूंच्या शेजारची जागा रिकामी होती. डोनटचा डबासुद्धा त्यांच्याच मांडीवर होता. "नवी कोरी गाडी, आणि सेन्सर बिघडला?" तो पुटपुटला.

काकूंनी वाकून पलीकडचा पट्टा ओढला, रिकाम्या जागेवरून आणून खटकन लावला. आवाज बंद झाला. मग त्या जागेकडं बघून त्या नव्या नवरीसारख्या लाजल्या आणि मला हात करायचंसुद्धा विसरल्या.