दोन बोटं वाकडी चादर

हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत तिला सगळे भिंगरी म्हणत. हाताला उसंत म्हणून नाही. इतरांचा ढीग अर्धा व्हायच्या आत हिचं टेबल रिकामं. आणि नेमकं तेच तिच्या मुळावर आलं होतं. काम संपलं की घरी पाठवा, असा मालकाचा हुकूम होता. आणि कंपनीचा आरोग्य विमा मिळायचा तो बारा आठवडे सरासरी तीस तास भरणाऱ्याला. भिंगरीचे भरायचे सत्तावीस. चपळाईचं हे बक्षीस! नियम करणाऱ्याने जन्मात कधी चादर झटकली नसणार.

इकडे विम्यावाचून घोडं अडलं होतं. आठ वर्षांच्या लेकीच्या दोन्ही कानांचे पडदे फाटलेले. ऑपरेशन लांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवरा स्वतःची व्हॅन चालवायचा, त्याला कोण विमा देणार? पोरगी पहिल्या बाकावर बसूनही निम्मं अंदाजाने लिहायची. दोन वर्षं तास मोजून भिंगरी थकली. आता पगाराची स्लिप ती न बघताच पर्समध्ये कोंबायची.

त्यात तिची जोडी लाँड्रीतल्या जुन्या मावशीशी लागली. मोठ्या चादरीच्या घडीला दोघी लागतात. मावशी साठीला टेकलेली, पाय सुजलेले, विमा नवऱ्याच्या नोकरीतून मिळालेला. तासांची तिला फिकीर नव्हती. पण खोड भलतीच. घडी झाली की कोपऱ्यावर बोट ठेवायची. "जुळला नाही. उघड." पुन्हा झटका, पुन्हा ताणा, पुन्हा चार पावलं पुढे येऊन टोकं तिच्या हातात द्या. भिंगरीच्या नाकी नऊ आले. दोन वाजता संपणारा ढीग तीन वाजले तरी हलेना. आता आपल्यालाही हळूबाई म्हणून काढून टाकतील, या धास्तीने ती आणखी चिडायची. तिने मावशीचं नाव काटकोन ठेवलं आणि लाँड्रीभर केलं.

जोडी लागल्याच्या सातव्या आठवड्यात तिने सुपरवायझरला गाठून जोडी बदलून मागितली. त्याने हातातल्या कागदावरून मान वर केली नाही.

"बारावा आठवडा उलटू दे. मग बघू."

टोलवतोय मेला, असं म्हणत ती टेबलाशी परतली.

तेरावा आठवडा लागला त्या सोमवारी ऑफिसातल्या क्लार्कबाईने तिच्या हातात पाकीट ठेवलं. आत वर्षभराचं विम्याचं कार्ड, खाली लेकीचं नाव. सरासरी भरली होती. भिंगरी कपड्यांच्या ट्रॉलीवरच बसली. तिने कार्ड तीनदा वाचलं, ॲप्रनच्या खिशात ठेवलं आणि काही न उमगताच कामाला लागली.

पहिलीच चादर चांगली दोन बोटं वाकडी झाली. सवयीने ती उघडायला गेली, तर मावशीने हात धरला.

"राहू दे. आज पाय फार दुखतायत. लवकर आवरू."

आणि ती वाकडी चादर तिने खुशाल ढिगावर टाकली.

तेव्हा कुठे भिंगरीच्या डोक्यात प्रकाश पडला. बारा आठवडे ही बाई सुजलेल्या पायांवर रोज तासभर जास्त उभी राहिली होती, आणि सुपरवायझरने सगळं ओळखून डोळेझाक केली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, तुमचं ते नाव मीच ठेवलं."

"ठाऊक आहे. टोक धर."

भिंगरीने टोक धरलं. डोळे भरून आल्यामुळे तिला कोपरा काही दिसेना. त्या दिवशी बऱ्याच चादरी वाकड्या गेल्या.

ऑपरेशनं झाली, कान बरे झाले. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता भिंगरी लेकीला मावशीची सगळी हकिकत सांगत होती, नेहमीसारखी घसा ताणून, शेजाऱ्यांनाही ऐकू जावं अशी.

लेकीने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"आई, हळू बोल ना. ऐकू येतंय मला."