फक्त सायकलस्वारांसाठी

आमचं लोणावळ्याचं ऑफिस पर्यावरणस्नेही करायचं ठरलं आणि त्याच आठवड्यात धडधाकट सागवानी टेबलं ट्रकमध्ये भरून भंगारात गेली. त्यांच्या जागी बांबूची टेबलं आली, ती परदेशातून, जहाजाने. बांबू मावळातही मिळतो, असं मी या कामासाठी नेमलेल्या सल्लागार बाईंना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "मिळत असेल, पण त्याला सर्टिफिकेट नाही ना." त्या क्षणी मी यापुढे गप्प बसायचं ठरवलं. दुपारपर्यंत ते जमलंही.

ऑफिसची व्यवस्था माझ्याकडे. किल्ल्या, चहापत्ती, गळके नळ, जे कुणाच्याच यादीत नसतं ते माझ्या यादीत असतं. तसं हे नूतनीकरणही आलं. साहेबांना हरित इमारतीचं मानांकन हवं होतं, चौकट करून स्वागतकक्षात लावता येईल असं. ही एक परीक्षाच असते. पाणी वाचवलं की गुण, उजेड आत आला की गुण, कर्मचारी सुखी दिसले की गुण. कर्मचाऱ्यांना सुखी करण्याच्या नादात आमची खोली गेली.

जिन्याखालची ती खोली म्हणजे चार खुंट्या, दोन दोऱ्या आणि पावसाळाभर जळत राहणारे दोन मोठे पिवळे बल्ब. लोणावळ्यात लोक कपाटातसुद्धा बल्ब लावून ठेवतात, नाहीतर चपलांना बुरशी येते. मी देहूरोडहून लोकलने येते आणि स्टेशनापासून चढ चालत. आमच्याकडे चहा आणि सफाई बघणाऱ्या मावशी कार्ल्याच्या पलीकडच्या वाडीवरून येतात, निम्मी वाट पायी. असे आम्ही सात-आठ जण रोज भिजून यायचो, त्या खोलीत आधी बायका, मग पुरुष, असे कपडे बदलायचो आणि ओले कपडे बल्बखाली वाळत घालायचो. संध्याकाळी तेच घालून पुन्हा भिजायला निघायचो.

सल्लागार बाईंनी खोलीत डोकावून नाकाला रुमाल लावला. "हे बल्ब म्हणजे नुसती वीज जाळणं आहे. इथे ध्यानकक्ष करू. मानसिक स्वास्थ्याचा गुण मिळतो."

"मग कपडे कुठे वाळवायचे?"

"छत्री वापरा ना."

बाई पुण्याहून गाडीने यायच्या आणि पोर्चमध्ये उतरायच्या. लोणावळ्याचा जुलैमधला पाऊस छत्रीच्या खालूनही येतो, ही माहिती उर्से टोलनाक्यावर पावतीबरोबर देत नाहीत.

ध्यानकक्ष झाला. गाद्या आल्या, भिंतीवर जंगलाचं चित्र आलं, झऱ्याचा आवाज काढणारं यंत्रही आलं. बाहेर पागोळ्या धो धो गळत असताना आत विजेवर झरा वाहू लागला. आम्ही ओल्या कपड्यांनी नव्या, अत्यंत कार्यक्षम एसीखाली बसू लागलो. मावशींना खोकला लागला, तो हटेना.

"ताई, मी फ्रिजातल्या भाजीवानी झाले बगा," एक दिवस त्या म्हणाल्या. "लेक म्हन्तीय, काम सोड, घरी बस."

"मग?"

"मला न्हाई बसायचं घरी. तितं सून बसलीय की."

मी मानांकनाची नियमावली घरी नेली आणि सगळी वाचून काढली. एवढं कष्टाचं काम सल्लागार बाईंनीही केलं नसावं. त्यात एका पानावर सापडलं की सायकलने कामावर येणाऱ्यांसाठी कपडे बदलायची खोली आणि न्हाणीघर असेल तर गुण मिळतो. पायी येऊन भिजणाऱ्यांसाठी अर्थातच काही नव्हतं. पृथ्वी वाचवायची तर माणूस घामानेच ओला झालेला लागतो.

मी साहेबांना गाठलं. "पण सायकलने येतं कोण?" त्यांनी विचारलं.

"सोय झाली की येतील, सर."

हे वाक्य मी त्यांच्याच भाषणांतून उचललं होतं, त्यामुळे ते त्यांना पटलं.

गाद्या गोदामात गेल्या आणि खोली आम्हाला परत मिळाली. न्हाणीघराला सौरऊर्जेचं गरम पाणी आलं, म्हणजे अख्खा पावसाळा गार. दोऱ्या मी बांधल्या आणि वायरमनकडून एक पिवळा बल्ब 'तात्पुरता' लावून घेतला. मग साहेबांनी दारावर पाटी लावली, 'फक्त सायकलस्वारांसाठी'. किल्ली मावशींकडे राहील आणि गेटवर सायकलची नोंद केल्याशिवाय त्यांनी ती कुणालाही देऊ नये, असा हुकूमही निघाला. वर सल्लागार बाईंनी बजावलं की पाहणीत सायकलींचा वापर दिसला नाही तर गुण जाईल आणि खोलीत पुन्हा ध्यानकक्ष होईल.

बागकाम करणाऱ्या आबांची एक लाल सायकल गेटपाशी पडून होती. तिला चेन नव्हती. चेनची गरजही नव्हती. जो येईल त्याने ती गेटपासून स्टँडपर्यंत ढकलत न्यायची, वॉचमनने नोंद करायची आणि पुढच्यासाठी सायकल परत गेटवर आणायची. कागदावर आमचं ऑफिस मावळातलं सर्वांत सायकलप्रेमी ऑफिस ठरलं.

"भाऊ, सायकल द्या."

"थांबा ताई, अकौंटवालं सायेब घिऊन गेल्यात."

डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतलेल्या मावशी माझ्यामागे रांगेत होत्या. "लय भारी सोय! आधी सायकलीपायी भिजायचं, मंग वाळाया जायचं."

पाहणी दुपारी होती. 'बल्ब उतरवणे' हे त्या दिवशीच्या माझ्या यादीत पहिलं काम होतं. पण परीक्षक सकाळीच हजर झाले. पोर्चचा रस्ता पाणी जिरवणाऱ्या फरशांसाठी खणून ठेवला होता (त्यालाही गुण होता), म्हणून त्यांना गेटवरच गाडी सोडून चालत यावं लागलं. दारात पोचले तेव्हा त्यांच्या बुटांतून पाणी निघत होतं.

"कपडे बदलायला जागा आहे का हो कुठे?"

मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाल्या, "हाय की. पन हुकूम हाय, आधी सायकल आना."

"कसली सायकल?"

"ती काय, लाल. ढकलत आनायची. बसू नगा, चेन न्हाई तिला."

खोली गेली, मावशी घरी बसल्या आणि सून जिंकली, एवढं सगळं मला दिसून गेलं. परीक्षकांनी पाटी वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

"नियम आहे, सर," मी म्हणाले.

ते पावसात परत गेले. वॉचमनने त्यांची नोंद केली. चिखलातून लाल सायकल ढकलत ते आले, स्टँडला लावली, आणि मावशींनी मानाने किल्ली दिली.

आत माझी ओढणी, मावशींचं लुगडं आणि अकौंटवाल्यांची पँट वाळत होती. मधोमध बल्ब. परीक्षकांनी त्याच्याकडे बोट दाखवलं.

"हा काय प्रकार आहे?"

"तात्पुरता आहे, सर."

"कधीपर्यंत?"

"सप्टेंबर संपेपर्यंत."

त्यांनी मोजे पिळले, अकौंटवाल्यांची पँट जरा बाजूला सरकवली, मोजे बल्बच्या अगदी जवळ वाळत घातले आणि दार लावून घेतलं.

मानांकन मिळालं, चौकटीतही बसलं. अहवालात सायकलींच्या वापरापुढे 'नियमित' असा शेरा आहे. मावशी कामावर येतात, खोकला गेला. सायकलला चेन अजून नाही. ती बसवायचं माझ्या कुठल्याही यादीत नाही.