शुक्रवारचं सीमोल्लंघन

आमच्या घराला पत्ता नव्हता, किलोमीटरचा दगड होता. आबा, म्हणजे माझे वडील, रस्त्याच्या कंत्राटदाराकडे डांबर टाकणाऱ्या टोळीत होते. आई खडी फोडायची. रस्ता पुढे सरकला की आमचं पालही पुढे सरकायचं. तापलेल्या डांबरावर चालायला कंत्राटदार बूट देत नसे, म्हणून दोघं पायाला गोणपाट गुंडाळत. संध्याकाळी ते सोडताना आई कंत्राटदाराच्या नावाने जे बोलायची ते इथे छापता येणार नाही. रस्ता तयार झाला की त्याच्यावरून दुसरेच लोक गाडीतून जात आणि हॉर्न वाजवून आम्हालाच बाजूला करत. आमच्याकडे सायकलसुद्धा नव्हती.

अशा घरातून मी सिव्हिल इंजिनिअर झालो. घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. ज्यांचे आजोबाही बी.ए. होते त्यांना यात सांगण्यासारखं काय ते कळत नाही, आणि त्यांना ते कळावं असा माझा हट्टही नाही.

नव्वदच्या दशकात दुबईला आलो, अल मनखूलला बिऱ्हाड केलं. वाटलं होतं, आबांसारखेच रस्ते करू, फक्त एसीत बसून. पण सल्लागार कंपनीने मला काम दिलं ते रस्ता सोडून जाणाऱ्या गाड्या आवरायचं. शहराबाहेर वाळवंटाचा एक सरकारी तुकडा होता. सरकारी म्हणजे सर्वांचा, आणि सर्वांचा म्हणजे शुक्रवारी ज्याच्याकडे फोर बाय फोर त्याचा. पोटातलं पाणी हलू नये असे रस्ते सोडून लोक तिथे यायचे, टायरमधली हवा कमी करायचे आणि वाळूच्या टेकड्यांवरून गाड्या आपटत न्यायचे. पोटातलं पाणी हलावं म्हणून. याची शिकवणीही लागते.

आबांना हे फोनवर सांगितलं.

"म्हंजी रस्ता हाय, आनि त्येच्यावरनं जात न्हाईत?"

"नाही."

"मग आमी काय झक मारली व्हय रं जलमभर?"

त्या तुकड्याच्या मधोमध गाफचं एक जुनं झाड होतं आणि भोवती सरकारच्या वनखात्याने लावलेली त्याचीच रोपं. तेवढा भाग गाड्यांना बंद केलेला होता, कागदावर. दर हिवाळ्यात रोपं लावायची आणि दर शुक्रवारी ती चाकाखाली मोजायची, असा आमचा वनीकरणाचा कार्यक्रम चालला होता. शेवटी खात्याचे अरब साहेब, ज्यांना सगळे मुदीर म्हणत, वैतागले. म्हणाले, "या मोसमात रोपं पुन्हा चिरडली तर खलास. बंदी उठवतो, जागा क्वाड बाईकवाल्याला भाड्याने देतो. निदान कुणाचं तरी भलं होईल." माझी पहिली स्वतंत्र साइट, आणि ती वाळूत जाणार असं दिसू लागलं.

आमच्या कंपनीच्या गोऱ्या तज्ज्ञाने पाहणी केली, सुंदर रंगीत नकाशे काढले आणि उपाय सुचवला: बोर्ड. अरबी, इंग्रजी आणि उर्दूत ‘प्रवेश बंद’. बोर्ड उभे राहिले आणि लोकांची मोठीच सोय झाली. वाळवंटात भेटायचं कुठे हा प्रश्न असतो, सगळ्या टेकड्या सारख्याच. आता लोक एकमेकांना सांगू लागले, हायवे सोडा, सरळ या, ‘प्रवेश बंद’पाशी भेटू. त्या बोर्डाच्या सावलीत बार्बेक्यू पेटू लागले.

तेव्हा मी माझी अक्कल चालवली. आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत खुर्च्या उचलल्याबद्दल मला दोन मिनिटं माइक मिळाला. मी सांगितलं की इथलं गाफ म्हणजे आपली शमी. पांडवांनी शस्त्रं ठेवली होती ती. पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करणारी आपली माणसं, शमीवर चाक घालणार नाहीत, हा माझा हिशेब. टाळ्या पडल्या. मंडळाचे अध्यक्ष, मंडळातल्या बहुतेकांसारखे पुण्याचे, बँकेत बड्या हुद्द्यावर होते. त्यांनी माझा हात दाबला. "वा! शमी आपली, आणि राखणदारही आपलाच माणूस!"

मला ते कौतुक वाटलं.

दुबईत सगळे सण शुक्रवारी येतात, तिथे पंचांगाचं काही चालत नाही. दसराही शुक्रवारी आला. आबा तेव्हा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे होते, म्हणून त्यांना माझी रोपं दाखवायला घेऊन गेलो. उन्हं उतरली होती. हायवेकडून धुरळा उठला आणि एकामागून एक गाड्या थेट आमच्या दिशेने येऊ लागल्या. बॉनेटवर झेंडूच्या माळा. पुढच्या गाडीत अध्यक्ष.

मी वाटेत आडवा उभा राहिलो. काच खाली आली.

"अरे वा, स्वागताला हजर! सीमोल्लंघनाला निघालोय. शमीची पूजा, सोनं लुटायचं, मग श्रीखंड-पुरी. यल्ला, चला, बाजूला व्हा."

"गाड्या इथेच थांबतील साहेब. पुढे रोपं आहेत."

"अहो, आपलंच झाड ना?"

"झाड सरकारचं. आपली फक्त नोकरी, तीही माझी."

"बोर्ड बाहेरच्यांसाठी असतो हो! आपल्याआपल्यात कसला बोर्ड?"

मागच्या गाडीतून एका वहिनींनी डोकं काढलं. "भावजी, शमी आहे हे तुम्हीच सांगितलंत. आता पैठणी नेसून वाळूत चालायला लावता?" त्यांचा मुलगा खिडकीतून बघत म्हणाला, "मम्मी, इट्स जस्ट अ ट्री."

मी पाण्याच्या टंचाईबद्दल बोललो, मुळांबद्दल बोललो, मुदीरने काय बजावलंय तेही सांगितलं. सगळ्यांनी सहानुभूतीने मान हलवली आणि अध्यक्षांनी गिअर टाकला.

आबा रोपांपाशी बसले होते, ते उठले. डांबराच्या टोळीत ट्रकपुढे लाल फडकं घेऊन उभं राहायची त्यांना सवय होती, इथे फडक्याशिवायच गेले आणि बंपरपुढे उकिडवे बसले. खिशातून तंबाखू काढली.

"सायेब, येक इचारू? तुमच्यात दसऱ्याला शीव गाडीत बसून वलांडत्यात व्हय? आमच्यात आपलं चालत जात्यात."

ते ‘तुमच्यात’ बरोबर बसलं. प्रश्न पर्यावरणाचा होता तोवर कुणी हललं नव्हतं. आता प्रश्न शास्त्राचा निघाला, आणि तोही गांधी टोपीतल्या खेडवळ माणसाने गाडीभर पुणेकरांना विचारलेला. मागे कुजबुज झाली. एक आजोबा म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं, पायीच जातात." आजींनी दुजोरा दिला. इंजिनं बंद झाली.

गाड्या ओळीने लागल्या आणि मंडळ पायी निघालं. वहिनींनी सँडल हातात घेतल्या. अध्यक्षांनी पूजेचं तबक धरलं आणि मुलं रोपांमधून वाकडीतिकडी पळत सुटली. पानं तोडायची नाहीत, खाली पडलेली घ्या, असं मी सांगितलं. तेवढं ऐकलं, कारण आता दमले होते.

पुढची गंमत कुणाच्या लक्षात आली नाही, फक्त माझ्या आली. मागून टेकड्या तुडवायला तीनचार टोळकी आली. बोर्डाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, पण लागलेल्या गाड्यांची ओळ दिसली आणि त्यांनीही आपल्या गाड्या मुकाट्याने ओळीत लावल्या. माणूस बोर्ड वाचत नाही, ओळ मात्र मोडत नाही. डांबर ओलं असताना आम्ही कडेने चुना लावलेले दगड मांडायचो. ट्रकवाले आम्हाला शिव्या द्यायचे, पण दगडांची ओळ सोडायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुदीर आले. वाळूतल्या खुणा वाचत चालू लागले. चाकांच्या खुणा एका रेषेत संपलेल्या, पुढे नुसती पावलं. रोपं उभी.

"हे चालत कोण गेलं?"

"आमची माणसं."

"इंडियन? शुक्रवारी? चालत?"

"हे झाड आमच्याकडेही मानतात, सर."

ते झाडाकडे बघत राहिले. "माझे आजोबाही याच्या सावलीत गाडी नेत नसत," म्हणाले आणि स्वतःच हसले. "गाडी नव्हतीच त्यांच्याकडे. ठीक आहे, बंदी राहील. पण पुढच्या शुक्रवारी काय करणार?"

मी चुना लावलेले दगड सांगितले. गोऱ्या तज्ज्ञाने ते अहवालात घातले तेव्हा त्यांना इतकं लांबलचक नाव दिलं की मलाच ते ओळखू आले नाहीत. आबा परत जायच्या आधी पहिली ओळ त्यांनी स्वतः मांडली. एसीत बसून त्यांना कंटाळा आला होता.

ती जागा क्वाड बाईकवाल्याकडे गेली नाही. गाड्यांना बाहेरून आखलेली एक वाट मिळाली, दगडांच्या आत चाकं जायची थांबली, आणि मी ती साइट सोडली तेव्हा गाफची रोपं माझ्या खांद्याला लागत होती.