एका जागी पळालेली गाडी

जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा मी शाळेत होते. नकाशात भंडाऱ्याला रंग कमी लागू लागला, एवढंच मला त्यातलं कळलं. बाबा तेव्हा जवाहरनगरच्या फॅक्टरीत मशीनवर होते आणि त्यांच्याकडे साडेतीनशे सीसीची एक गाडी होती. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी, उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक. रविवारी तिच्यावर बसून आम्ही आसगावला धानाच्या बांधीत जायचो, मी मधे आणि आई मागे. बाबांच्या पाठीला गाल लावला की इंजिन त्यांच्या अंगातून ऐकू यायचं आणि पवनी यायच्या आत माझा डोळा लागायचा. पळसाची झाडं, तलावाचं पाणी, बांधावर उभे असलेले बगळे, सगळं त्या आवाजात विरघळत जायचं. आजही गाढ झोपले की मी कुठेतरी त्या रस्त्यावर असते.

बाबांचा कान सगळ्यांना ठाऊक होता. रिटायर झाल्यावर त्यांनी वरठी रस्त्याला घर बांधलं. तेव्हा वरठीच्या कारखान्यातले लोक ड्युटी सुटली की आपापल्या गाड्या घेऊन थेट आमच्या अंगणात. बाबा लांब पेचकसाचं टोक इंजिनला लावायचे, मूठ कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटून घ्यायचे. तेवढा वेळ कोणी ब्र काढायचा नाही. आई कुकरखालचा गॅससुद्धा बंद करायची. मग निकाल लागायचा: "जाडी बोलते. पेट्रोल जास्त पिऊन राहिली." पेट्रोल कमी केलं की गाडी खरंच सुधारायची. हिवाळ्यात लोक त्यांना शिंगाडे आणून द्यायचे आणि बाबा ते हक्काने खायचे.

मग दोन गोष्टी एकदमच बिघडल्या. बाबा म्हणायला लागले की आपल्याच गाडीचा आवाज जाडा झाला आहे. आणि ते माझ्याशी बोलेनासे झाले.

दुसऱ्या गोष्टीचं कारण मला माहीत होतं, निदान तसं मला वाटत होतं. त्यांना पसंत असलेल्या एका स्थळाला मी नाही म्हटलं होतं, जरा जोरातच. त्यानंतर मी काही विचारलं की ते "हूं" म्हणायचे आणि उठून जायचे. माझं डोकंही काही थंड नाही. नाही बोलायचं तर नका बोलू, म्हणून मीही तोंड मिटलं. दोन वर्षं एका घरात आम्ही आईमार्फत बोललो. मला ते फार लागलं होतं, पण कबूल कोण करणार?

त्या दोन वर्षांत बाबा गाडीचं पेट्रोल कमी कमी करत गेले. कार्बोरेटरमध्ये बारीक भोकाचं जेट घातलं, सुई खाली उतरवली, तरी आवाज जाडाच. गाडी तापायला लागली. एकदा घरापाशी इंजिन जाम झालं. दुसऱ्यांदा आसगावच्या अलीकडे चालता चालता चाक अडकलं आणि बाबा आईसकट बांधीच्या चिखलात गेले. आईने चिखल धुता धुताच सांगून टाकलं, तिसऱ्यांदा असं झालं तर गाडी भंगारात.

नागपूरला डायनो आहे, हे मीच शोधलं. म्हणजे गाडीचं मागचं चाक एका लोखंडी रुळावर ठेवतात, गाडी जागच्या जागी पळवतात आणि मशीन सांगतं की पेट्रोल किती आणि हवा किती. आईमार्फत निरोप गेला, आईमार्फतच होकार आला. खरं सांगते, मला गाडीची काळजी थोडी आणि त्यांच्यासोबत एक दिवस मिळण्याची आशा जास्त होती.

गाडी टेम्पोत बांधून आम्ही निघालो. धुकं होतं. केबिनमध्ये मी मधे आणि बाबा खिडकीपाशी. जवाहरनगरचा फाटा आला तेव्हा ते ताठ बसले, फॅक्टरीची बस धुक्यात नाहीशी होईपर्यंत बघत राहिले आणि पुन्हा सैल झाले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. नागपूर आलं.

डायनोवाला चष्मा लावलेला शांत माणूस होता. त्याने पुढचं चाक शिकंज्यात धरलं, गाडी पट्ट्यांनी आवळली, सायलेन्सरच्या तोंडात मापाची नळी घातली आणि समोर माणसाएवढा पंखा सुरू केला. मग तो स्वतः गाडीवर बसला. काटा चाळीसवर गेला, पन्नासवर गेला. भिंत तिथेच, खिडकी तिथेच, आणि गाडी मात्र पळते आहे. पंख्याच्या वाऱ्याने माझे केस उडत होते. क्षणभर मला बगळे दिसले, ओल्या धानाचा वासही आला. कुठेही न जाता आम्ही किती लांब चाललो होतो!

त्याने गाडी थांबवून पडद्यावरची रेघ दाखवली. "काका, एका भाग पेट्रोलले तेराक भाग हवा लागते. तुमची सोळाच्या वर जाऊन राहिली. गाडी उपाशी पळते, म्हणून तापते."

"मशीन खोटं बोलते," बाबा म्हणाले. "गाडी जाडी बोलून राहिली, मले आयकू नाई येत काय?"

त्याने वाद घातला नाही. मोठं जेट लावलं, सुई वर घेतली, पुन्हा गाडी पळवली. रेघ आली तेराजवळ. आणि तो आवाज आला, गोल, मऊ, माझ्या झोपेतला. मला भरून आलं. बाबांचा चेहरा मात्र पडला. "आता तं अजूनच जाडी झाली."

तेवढ्यात रुळाच्या मशीनची धोक्याची शिटी वाजली. बारीक, कानात सुई घातल्यासारखी. मी दचकले, दारातला टेम्पोचा ड्रायव्हर दचकला, डायनोवाल्याने घाईने इंजिन बंद केलं. शिटी तरीही वाजतच होती आणि बाबा शांतपणे टाकीवर हात ठेवून उभे होते.

"बाबा, शिटी वाजून राहिली," मी म्हटलं. दोन वर्षांनी थेट.

"कोणती?"

डायनोवाल्याने शिटी बंद केली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. समजायला त्यांना वेळ लागला नाही, हुशार माणूस. ते तिथल्याच एका टायरवर बसले. मग म्हणाले, "बारीक आवाज मले येतच नाई, जाडा तेवढा उरते. तुयाबी आवाज मले दोन सालापासून जाडाच येते. मले वाटे, तू रागात बोलतं. म्हणून मी दूर होऊन जाओ."

"आणि ते स्थळ? त्याचा राग नव्हता तुम्हाला?"

"नाई म्हणाली, ते तं साफ आयकू आलं होतं," बाबा म्हणाले. "त्यात राग कायचा?"

मी रागात होते, हे खरंच होतं. ते बोलत नाहीत म्हणून होते. दोन वर्षं!

परतताना गाडी मागे बांधलेली होती आणि मी बोलत होते. टेम्पोच्या घरघरीवरून, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, ओरडून. मी शिकवते त्या शाळेतलं, घरातलं, आईच्या चुगल्या, जे जे साचलं होतं ते सगळं. बाबा मान हलवत होते, मधेच "कायले?" विचारत होते. शेवटी ड्रायव्हरला राहवलं नाही.

"जाऊ द्या ना ताई, म्हातारा माणूस आहे," तो म्हणाला. "कायले एवढं भांडता?"

बाबांना ते ऐकू आलं नाही. मी त्यांना ओरडून सांगितलं.