एकाच मजकुराचे त्रेचाळीस रिव्ह्यू

त्या वर्षांत फोनवर आमच्या जिल्ह्याचं नाव टाकलं की पहिल्या पानावर काय यायचं, ते मी इथे लिहिणार नाही. तुम्हाला माहीत आहे, आणि नसेल तर उत्तम. बोंडअळीनं कपाशी पोखरली होती, भाव पडला होता, आणि बाहेरगावची माणसं आमच्या बसस्टँडवर उतरली की आधी चेहरा पाडायची, मग बोलायची. पुण्यातल्या एका जाहिरात कंपनीत चार वर्षं काढून मी महागावला परत निघाले, तेव्हा माझ्या साहेबांनीही असाच चेहरा पाडून मला निरोप दिला होता. मला त्या चेहऱ्याचा भयंकर राग येतो. आजही येतो.

मी काय काम करते हे घरात कोणाला नीट सांगता यायचं नाही. दुकानं नकाशावर चढवायची, लोक फोनवर काय शोधतात ते बघून त्यांचं पान तसं लिहायचं, फोटो आणि व्हिडिओ टाकून गिऱ्हाईक जोडायचं. बाबा तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी एकदा विचारलं, "म्हणजे तुह्याकडे आवक हाय का जावक?"

"दोन्ही," मी म्हटलं. त्यांना ते पटलं.

आईच्या पाठीसाठी कापसाची गादी हवी होती म्हणून मी हायवेवरच्या एका टिनाच्या शेडमध्ये गेले, तिथे मला याडी भेटली. बंजारा घरांत आईला याडी म्हणतात. हिला अख्खा तांडाच याडी म्हणायचा, मीही म्हणायला लागले. एका हंगामात व्यापाऱ्यानं सांगितलेला भाव ऐकून तिनं कापसाची गाडी बाजारातून तशीच मागे फिरवली होती. "त्याच्या घरात घालण्यापरीस गादीत घालतो," म्हणाली, आणि खरंच घातला. गिरणीतून कापसाची सरकी काढून आणली, तो पिंजायचं एक जुनं यंत्र आणलं, आणि तांड्यातल्या सात बायांना घेऊन गाद्या शिवायला बसली. या साती जणी दरवर्षी दिवाळी झाली की मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला जायच्या, लेकरांसकट, पार उन्हाळा लागेपर्यंत. याडीचा हट्ट एकच होता. यंदा ट्रक आला तर रिकामा गेला पाहिजे. पण त्यासाठी साती जणींना हिवाळाभर पुरेल एवढं काम हवं होतं, आणि गावातल्या लोकांना अशा किती गाद्या लागणार?

मी म्हटलं, मी आणते काम. फुशारकीच म्हणा.

पहिली चूक माझीच. पुण्याच्या साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, अगं, गादी कोण बघतंय, तुमच्या जिल्ह्याची स्टोरी विक, लोक डोळे पुसत पुसत ऑर्डर देतील. आणि मी, तो पडलेला चेहरा बघून ज्या बाईच्या अंगाचा तिळपापड होतो ती मी, बसले आणि तसंच लिहिलं. दुःखी जिल्हा, असहाय महिला, मदतीचा हात. टाकण्याआधी याडीला वाचून दाखवलं. तिनं दाभण कापसात खोचली.

"हे कोणाच्या घरचं हाय?"

"तुझ्याबद्दलच आहे, याडी."

"मी असहाय काहून? दोन्ही हात हायेत माहे. मी गादी इकून राह्यलो पोरी, रडणं नाही. ज्याले रडणं पाह्यजे त्याले दुसरं दुकान दाखव."

मला इतकी लाज वाटली की तिच्यासमोरच ते पुसलं. मग जे होतं ते लिहिलं. एका गादीत किती किलो कापूस, टाके किती अंतरावर, दोन वर्षांनी परत पिंजून कशी नवी होते. याडी गादीवर दणादण बुक्क्या मारते आहे आणि गादी पुन्हा वर येते आहे, असा एक व्हिडिओ टाकला. पंधरा दिवसांत नागपूरच्या एका वसतिगृहाच्या व्यवस्थापकांचा फोन आला. दीडशे गाद्या हव्या होत्या. याडीनं बोटांवर हिशेब केला, म्हणाली, होळीपर्यंत काम झालं. व्यवस्थापकांची अडचण एकच होती. "मॅडम, तुमच्या नावापुढे एकही रिव्ह्यू नाही. आमच्या कमिटीला काय दाखवू? तीस-चाळीस लोकांचं मत तरी दिसू द्या."

यात काय अवघड? याडीला सांगितलं, ज्यांनी ज्यांनी गादी नेली त्यांना फोनवर चार शब्द लिहायला सांग. आणि मी दोन दिवसांसाठी वणीला गेले. तिथल्या एका ट्रकवाल्याचं पान करायचं होतं.

परत आले तर याडीची जागा नकाशावरून गायब. पान बंद. नकाशा चालवणाऱ्या कंपनीचा इंग्रजीत निरोप, की या ठिकाणी खोटे अभिप्राय आढळले आहेत. मी ते अभिप्राय उघडून पाहिले आणि खुर्चीतच बसून राहिले. त्रेचाळीस होते. सगळे एकाच संध्याकाळचे. आणि सगळ्यांत काना-मात्रेसकट एकच मजकूर: "विषयांकित ठिकाणी तयार होणाऱ्या गाद्या आम्ही प्रत्यक्ष वापरून पाहिल्या असून त्या उत्तम प्रतीच्या आहेत. करिता हा अभिप्राय सविनय सादर."

जगात असं वाक्य लिहिणारा एकच माणूस मला माहीत होता, आणि तो ओसरीत पेपर वाचत बसला होता.

"बाबा, हे काय केलंत?"

काय केलं ते त्यांनी अभिमानानं सांगितलं. याडी आली, म्हणाली लोकायले लिहाचं हाय, पोरगी घरी नाही, तुम्ही मजकूर करून द्या. त्यांनी करून दिला. तांड्याच्या समाजमंदिरात सगळे जमले, एकानं मोठ्यानं वाचलं, बाकीच्यांनी आपापल्या फोनवर उतरवून घेतलं. एकालाही एक अक्षर चुकू दिलं नाही.

"अहो, पण सगळ्यांचं एकच कसं?"

"मागणी एक, तं मजकूर एक," बाबा म्हणाले. "पाण्याच्या टाकीच्या वेळी चाळीस लोकायनं चाळीस अर्ज केलते. चाळीस फायली झाल्या, टाकी झाली नाही. मग मी एकच निवेदन लिहून देल्लं, खाली चाळीस सह्या. तवा टाकी झाली. तुह्या कंपनीत कोणी कारकून नाही काय?"

मी खूप आरडाओरडा केला. आईनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. याडी आली, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खोटं कोण बोललं, थे सांग. सारे निजले गादीवर. मंग खोटं काय?" मी आणखीच चिडले.

दुपारी व्यवस्थापकांचा फोन आला. "मॅडम, तुमचं दुकानच दिसत नाही नकाशावर. बोगस वगैरे नाही ना?"

बोगस. तो शब्द आमच्याकडे त्या वर्षांत बियाण्याच्या पिशवीसाठी वापरायचे. याडीच्या हातच्या गादीला कोणी तो लावला हे ऐकून माझं डोकंच फिरलं. पुण्याचे साहेब म्हणाले, सोपं आहे, नवीन नावानं नवीन जागा टाक, शंभर रिव्ह्यू विकत घेऊन देतो, कोणाला पत्ता लागत नाही. म्हणजे बघा, विकतचे शंभर खरे ठरणार, आणि गादीवर निजलेले त्रेचाळीस खोटे. मी म्हटलं, साहेब, ती बाई नाव बदलणार नाही आणि जागाही बदलणार नाही, आणि मला यापुढे सल्ला देऊ नका. फोन ठेवला. बरं वाटलं.

नकाशावाल्या कंपनीकडे दाद मागितली. त्यांना दुकानाच्या पाटीचा फोटो हवा, विजेचं बिल हवं, रस्त्यापासून आतपर्यंतचा व्हिडिओ हवा. पाटी तर नव्हतीच. पेंटरकडून रंगवून घेतली, ओली असतानाच फोटो काढला. सगळं पाठवलं. बाबांनी विचारलं, "पोचपावती?" पोचपावती नव्हती. तपासणी सुरू आहे, एवढाच निरोप. दिवाळीला बारा दिवस उरले होते, आणि मुकादम तांड्यात येऊन नावं लिहून घेऊ लागला होता. सातपैकी दोघींनी याडीची नजर चुकवायला सुरुवात केली.

याडीनं मला शेडमध्ये बोलावलं. "निवेदन देल्लं अन् सायबानं आयकलं नाही, मंग लोक काय करतेत?"

"मोर्चा काढतात."

"मंग? त्या नागपूरवाल्याचा नंबर हाय ना तुह्यापाशी?"

माझ्या धंद्याच्या कुठल्याच नियमात हे बसत नव्हतं. नंबर दिला. बाबा पेनाचं टोपण काढून तयार होते. मी म्हटलं, "बाबा, या खेपेला मजकूर नाही. ज्याले जे वाटलं थे बोलू द्या." त्यांनी टोपण लावलं. त्यांना ते आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेपासून त्या बिचाऱ्या माणसाला फोन सुरू झाले. एसटीच्या एका ड्रायव्हरनं त्याला आपल्या कमरेची सगळी हकिगत सांगितली. एका म्हातारीनं सांगितलं की नातवानं गादी ओली केली तरी एका उन्हात वाळते. एका मास्तरनं चक्क तक्रार केली, की कोपऱ्याचा टाका उसवला होता, तर ही बाई घरी आली, टाका घातला आणि गादी कशी उचलायची यावरून मलाच बोलून गेली.

बाराच्या सुमारास त्यांचा मला फोन. "मॅडम, हात जोडतो, हे थांबवा. एकोणतीस झाले."

"अजून चौदा आहेत," मी म्हटलं.

पलीकडून डायरी चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, परवा येतो.

आले. बसस्टँडवरून त्यांना आणायला मी स्वतः गेले, आणि त्यांनी चेहरा पाडतो म्हटलं असतं तरी मी पाडू दिला नसता. शेडमध्ये त्यांनी गादी दाबून पाहिली. आत गिरणीतला टाकाऊ कापूस तर नाही ना, असं विचारलं. याडीनं एक तयार गादी ओढली आणि कात्री त्यांच्या हातात दिली. "फाड."

ते माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, फाडा. त्यांनी एक शिवण उसवली, मूठभर कापूस बाहेर काढला, बोटांनी ताणून पाहिला. पांढरा, लांब धाग्याचा, आमच्या काळ्या जमिनीतला कापूस.

"आता निज," याडी दुसऱ्या गादीकडे हात करून म्हणाली. आणि तो पँट-शर्टातला मोठा माणूस बूट काढून, सात बायांच्या देखत, निमूट आडवा झाला. जरा वेळानं त्यांनी तिथूनच विचारलं, "दीडशे कधीपर्यंत होतील?"

पान परत सुरू व्हायला दिवाळीनंतर महिना लागला. बाबांचे त्रेचाळीस अभिप्राय काही परत आले नाहीत, त्याचा राग ते अजून धरून आहेत.

भाऊबीज झाली आणि ट्रक आला. तांड्याच्या फाट्यावर, शेडच्या अगदी समोर उभा राहिला. मुकादमानं एकदा हॉर्न वाजवला, मग दुसऱ्यांदा, मग बराच वेळ दाबून धरला. साती जणी आत होत्या, दाभण हातात. नजर चुकवणाऱ्या दोघींपैकी एक उठली. याडीनं मान वर केली नाही, तिला अडवलं नाही.

ती दारापर्यंत गेली. ट्रकची धूळ आत पांढऱ्या कापसावर येत होती. तिनं दार लावून घेतलं आणि परत येऊन टाका घालायला बसली.