दुसऱ्याच्या घरची सुट्टी

प्रा. ज्ञानदेव निकम सरांशी मी पहिल्यांदा बोललो ते साताऱ्याच्या वसतिगृहाच्या दारात. हातात ट्रंक होती आणि मी कॉलेज सोडून निघालो होतो. सर आम्हाला तत्त्वज्ञान शिकवत आणि वसतिगृहही तेच सांभाळत.

"कुठं निघालास?" त्यांनी विचारले.

"गावी. शिकून करायचं काय, तेच कळंना सर."

सर वर्गात घोटीव, शुद्ध मराठी बोलत. पण पोराचा चेहरा उतरलेला दिसला की सरळ आपल्या पाटणच्या बोलीवर येत. म्हणाले, "हितं बसून ते मलाबी कळलं न्हाई, गड्या. जायचं तर जा. पण दिवाळीची सुट्टी लागतीया, एक पाहुणा संगं घिऊन जा. मग परत आला न्हाईस तरी मी बोलवणार न्हाई."

ही सरांची रीत साऱ्या कॉलेजात प्रसिद्ध होती. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहातल्या मुलाने दुसऱ्या मुलाच्या घरी राहायचे आणि तिथे पडेल ते काम करायचे. जोड्या सर स्वतः लावत आणि त्या बाबतीत कुणाचेही ऐकत नसत. आयुष्याच्या अर्थावरून आम्ही वर्गात त्यांना छेडले की ते फळ्याकडे वळून खडू शोधू लागत. उत्तर सुट्टीत मिळे.

माझ्या वाट्याला कडेगावचा बाजीराव आला. घरी ऊस, बारमाही विहीर, थोरला भाऊ फौजेत. कशाची ददात नव्हती, आणि म्हणूनच की काय, स्वारीला सकाळी अंथरूण सोडायला कारण सापडत नसे. आमचे घर कोरेगावजवळच्या एका खेड्यात, गावाबाहेरच्या वस्तीत. आम्ही बौद्ध झालो होतो, पण गावाची वागणूक जुनीच होती. सरांना हे ठाऊक नसेल असे ज्याला वाटते, त्याने सर ओळखलेच नाहीत.

आईने गावातल्या एका बाईंकडून नवा माठ भरून आणवला आणि दाराबाहेर ठेवला. घरातल्या कुणी त्याला शिवायचे नाही. बागायतदाराचा मुलगा आपले पाणी पिणार नाही, हे तिने धरूनच चालले होते. बाजीरावाने माठ उचलला आणि दारातल्या भोपळ्याच्या वेलाला रिता केला. "आवं आई, घरातलं द्या की. लय तहान लागलीया." आईने घरातला तांब्या भरून दिला. तो प्याला आणि त्याने आणखी मागितले. ते पाहून मला भरून आले, ते आजही येते.

मग तो रोज माझ्या वडिलांबरोबर रानात राबला. गाव माना वळवून बघत राहिले. संध्याकाळी आम्ही दोघे वस्तीतल्या मुलांना शिकवू लागलो. निघायच्या आदल्या दिवशी माझी धाकटी बहीण शांता म्हणाली, "दादा, मला कालेजात जायचं झालं तर कुणाला इचारू? तू तर सोडूनच आलास."

दुसऱ्या दिवशी मी बाजीरावाबरोबर साताऱ्याच्या गाडीत बसलो. सर दारातच उभे होते. ट्रंकेकडे पाहून म्हणाले, "चा घेणार न्हवं?" त्या चहात त्यांनी कडेगावचा अख्खा ऊस पिळला होता. मी तो आनंदाने संपवला.

आज मी सांगलीला सरांचाच विषय शिकवतो. बाजीराव कडेगावच्या शाळेत मास्तर आहे आणि कोंबड्याच्या आधी उठतो. शांता यंदा बी.ए. झाली, आमच्या वस्तीतली पहिली पदवीधर मुलगी! निकाल लागला त्या दिवशी वस्तीने हलगी वाजवून तिला घरी आणले. सर, ती हलगी आपल्यासाठीही होती.

आज सर साठ वर्षांचे झाले. त्यांनी आम्हाला घरोघरी पाठवले, पण वसतिगृह सोडून स्वतः कुणाकडे राहायला गेले नाहीत. तेव्हा या दिवाळीची जोडी आम्ही विद्यार्थ्यांनी लावली आहे आणि आम्हीही कुणाचे ऐकणार नाही. सर, आम्हा प्रत्येकाच्या घरी एकेक सुट्टी राहायचे तर आपल्याला शंभरी ओलांडावी लागेल. तेवढे आयुष्य, याच खणखणीत तब्येतीसह, आपल्याला लाभो. सुरुवात आमच्या घरापासून करावी. आईचा निरोप आहे, "सरांना म्हणावं, माठ आता घरातच हाय."