फिलिपिनी सिनेमा आणि पाहुण्यांचा कप

फिलिपिनी सिनेमाबद्दल माझं मत आजवर कोणी विचारलेलं नाही. तरी देतो. मी सिनेमातला जाणकार नाही. त्या भाषेतले मला चारच शब्द येतात आणि त्यातले दोन जेवणाचे आहेत. नव्वदच्या दशकात बहरीनला असताना दोन-अडीच वर्षांत मी असे पंधरा-वीस सिनेमे पाहिले, तेही व्हिडिओवर, शुक्रवारी दुपारी, पोटभर जेवून, आणि खाली इंग्रजी अक्षरं एकदाही नसताना. एवढ्या भांडवलावर माझं ठाम मत असं की पोटासाठी परदेशी गेलेल्या माणसावर सिनेमा काढावा तर त्यांनीच. ज्याला पटत नाही त्याने खुशाल भांडायला यावं, मी घरीच असतो.

आम्ही सहा जण मनामातल्या झिंज भागात एका फ्लॅटमध्ये राहायचो. सगळे कोकणी मुसलमान, चौघे रत्नागिरीकडचे, दोघे रायगडचे. माझं लग्न व्हायचं होतं, बाकी पाचांची बायकामुलं गावाला. फ्लॅटचा एक कायदा होता. शुक्रवारी ज्याची स्वयंपाकाची पाळी, त्याचीच कॅसेट. जुम्म्याची नमाज पढून यायचं, जेवायचं आणि त्याने आणलं असेल ते गपगुमान बघायचं. जेवणाला नावं ठेवायची मुभा होती, कॅसेटला नव्हती.

बाकीचे कोपऱ्यावरच्या दुकानातून हिंदी सिनेमे आणायचे. माझा पुरवठादार वेगळा. मी एका कंपनीत क्लार्क होतो आणि आमच्या गोदामात एक फिलिपिनी स्टोअरकीपर होता. त्याची बायको मनिलाहून टीव्हीवरचे सिनेमे रेकॉर्ड करून पाठवायची, मधल्या साबणाच्या जाहिरातींसकट. पहिली कॅसेट मी नाही म्हणवेना म्हणून घेतली. दुसरी मागून घेतली.

तर माझी मतं. आपला हिरो एका ठोशात दहा जण लोळवतो. त्यांचा हिरो दीड तास मार खातो आणि शेवटी बरेचदा मरतो. मला हे जास्त प्रामाणिक वाटलं. त्यांच्या नट्या रडल्या की नाक लाल होतं, डोळे सुजतात. आपल्या नटीचं काजळसुद्धा हलत नाही. त्यांच्या सिनेमात कसलंही संकट कोसळलं तरी कोणीतरी भाताचं ताट पुढे करतंच, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. वाईट काय? तर एकच गाणं चार वेळा वाजवतात, आणि दर दुसऱ्या सिनेमात कोणाला तरी असाध्य आजार असतो. तेवढं मी सोडून देतो. कारण आपल्या सिनेमात परदेश म्हणजे बर्फात गाणं. परदेशातून येणारा सूट घालून विमानातून उतरतो, हात हलवतो, खलास. त्यांच्या सिनेमात तो दोरीने बांधलेला खोका घेऊन उतरतो, आणि कॅमेरा त्याच्याकडे नाही, घरच्यांच्या तोंडाकडे बघत असतो. आम्हीही तसेच खोके बांधायचो. सहाच्या सहा जण बांधायचो, आणि हेच लोक मला म्हणायचे, तुझे सिनेमे रडके.

"भाषा कळत नाही ती नाही," आमच्यातला एसी मेकॅनिक म्हणायचा, "वर तू मधे मधे सांगतोस ते तुला तरी कळतं काय रे?"

कळायचं नाही. पण मी ठोकून द्यायचो. ही त्याची सासू, हा सावकार, ही आता विष पिणार. शनिवारी गोदामात स्टोअरकीपरला विचारायचो तेव्हा निम्मं तरी बरोबर निघायचं. उरलेलं निम्मं मी घरी येऊन कधी कबूल केलं नाही.

आमच्यात सगळ्यात मोठे चाचा. नात्याने ते कोणाचेच चाचा नव्हते. दापोलीकडचे, माझ्याच कंपनीत वर्कशॉपचे फोरमन, बहरीनला सोळा वर्षं झालेली. दर दोन वर्षांनी दोन महिन्यांची लीव्ह मिळायची. घरी न जाता तिचे पैसे उचलता यायचे, त्याला सगळे लीव्ह विकणं म्हणायचे. थोरल्या मुलीच्या लग्नाच्या वर्षी चाचांनी लीव्ह विकली होती. मग लग्नाची व्हिडिओ कॅसेट आली, ती आम्ही सहा जणांनी झिंजला बसून पाहिली. नवरी निघताना कॅसेटमधल्या सगळ्या बाया रडत होत्या आणि इथे चाचा आम्हाला बर्फी वाटत होते.

आता धाकटीचं लग्न ठरलं होतं. चाचा पुन्हा लीव्ह विकायला निघाले होते. अर्ज इंग्रजीत लागायचा आणि फ्लॅटमधल्या सगळ्यांचे अर्ज मीच टाइप करायचो. मी आज करतो, उद्या करतो म्हणत आठ दिवस काढले. मग एका संध्याकाळी चाचांनी मला बाल्कनीत गाठलं.

"अर्जाचं काय झालं?"

"चाचा, तो अर्ज मी टाइप करणार नाही."

"का? मशीन बिघडलं?"

"मशीन बरं आहे. तुम्ही लग्नाला जा."

चाचा चिडले नाहीत. त्यांनी मला समजावलं, हे जास्त वाईट. म्हणाले, लग्नाला बाप नसला तर चालतं, भाऊ उभा राहतो, मामा उभा राहतो. पैसा नसला तर कोण उभं राहतं? शिवाय मॅनेजरने सांगितलंय, आत्ता कामाच्या दिवसांत गेलास तर तुझ्या जागी दुसरा फोरमन बसेल, परत आल्यावर मिळेल ते काम घे. "तू अजून सडा आहेस," ते म्हणाले. "तुला नाही कळायचं. शनिवारपर्यंत थांबतो. नाही केलंस तर दुसऱ्याकडून करून घेईन."

फ्लॅटमधले चौघेही त्यांच्याच बाजूचे. मला म्हणाले, कोणाच्या घरात किती नाक खुपसावं याला काही मर्यादा? मी म्हटलं, नाही. थोरलीचं लग्न आपण टीव्हीत बघितलं, धाकटीचं पण टीव्हीतच बघायचं का? त्या रात्री माझी चादर कोणीतरी ओल्या टॉवेलखाली टाकून ठेवली होती.

त्या शुक्रवारी स्वयंपाकाची पाळी माझी होती. स्टोअरकीपर गुरुवारी लीव्हवर मनिलाला निघाला. जाताना त्याने एक कॅसेट दिली आणि इंग्रजीत एवढंच म्हणाला की हा रडवतो, सांभाळून बघ. कथा विचारायला वेळच झाला नाही. घरी येतो तर चौघांनी आधीच ठरवलेलं. या वेळी फिलिपिनी नको, मेकॅनिकने हिंदी कॅसेट आणून ठेवली आहे.

"कायदा म्हणजे कायदा," मी म्हटलं. "ज्याला माझी कॅसेट नको, त्याने माझ्या हातचा हमूर मासाही खाऊ नये. हॉटेलं उघडी आहेत. यल्ला, चला."

पाचही जण जेवले. मीठ जास्त झालंय असं दोनदा ऐकवून जेवले. मग मी कॅसेट लावली.

पहिल्याच दृश्यात भर पावसात जीपमधून एक माणूस उतरतो, पन्नाशीचा, हातात मोठा खोका. लाकडी घराच्या दारात एक बाई उभी. ती त्याला बघते आणि तिच्या हातातलं तांदूळ पाखडायचं सूप खाली पडतं. "पाऊस पडतोय. बाप आला," मी जाहीर केलं. "बरीच वर्षं अरबांकडे होता." माणूस खुर्चीच्या अगदी कडेवर बसतो. भिंतीवर एका तरुणाचा फोटो. "हा त्याचाच," मी सांगितलं, "जायच्या आधीचा."

"नाक वेगळं दिसतंय," चाचा म्हणाले.

"सोळा वर्षांत माणसाचं नाकसुद्धा बदलतं," मी म्हटलं. तेव्हा सगळे हसले, चाचाही हसले.

मग आतून एक मुलगी येते, लग्नाच्या वयाची. काचेचं कपाट उघडते, त्यातून सोनेरी कडेचा कप काढते, फ्रॉकच्या टोकाने पुसते आणि त्यात कॉफी आणून त्या माणसापुढे ठेवते. त्याच्याकडे न बघता. माणूस दोन्ही हातांनी कप धरतो, पितच नाही. मग खोका उघडतात. साबण, डबे, टॉवेल, आणि तळाशी मुलीसाठी बूट. ती पाय घालून बघते. बूट चांगले चार बोटं लहान. "त्याला माप माहीत नाही," मी म्हटलं. "तो गेला तेव्हा ती एवढीशी होती." या वेळी कोणी हसलं नाही.

सिनेमा अजून दीड तास होता. बाई रडली, मुलगी रडली, तेच गाणं चार वेळा वाजलं. चाचा भिंतीला टेकून बसले होते, त्यांचं लक्ष पुढच्या सिनेमात नव्हतं. कॅसेट संपली आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या आल्या, तेव्हा ते बोलले.

"आमच्याकडे पण तसला कप आहे. सोनेरी कडेचा. कोण आला-गेला तर काढायचा म्हणून मीच इथून नेलेला." मग म्हणाले, "मागल्या लीव्हला धाकटी मला त्याच कपातून चहा द्यायची. मला वाटलं, सुरुवातीला दोन दिवस लाड करते. दोन महिने होतो घरी. निघायच्या दिवशीपण त्याच कपातून दिलान."

चाचांशी काहीतरी बोलावं असं फार वाटलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला काही ठोकून देता आलं नाही. मेकॅनिकने उठून टीव्ही बंद केला. चाचा भांडी घासायला गेले. त्या दिवशी भांड्यांची पाळी त्यांची नव्हती, पण त्यांना कोणी अडवलं नाही.

शनिवारी सकाळी ते वर्कशॉपच्या कपड्यांत माझ्या टेबलापाशी आले. "अर्ज कर," म्हणाले. "लीव्ह घ्यायचा. विकायचा नाही." मी एका पानात तीन चुका केल्या आणि तीन वेळा कागद बदलला.

मॅनेजर बोलला ते त्याने खरं केलं. चाचा लग्नाला गेले आणि त्यांच्या जागी एक तिशीतला माणूस फोरमन झाला, ज्याला वेल्डिंग चाचांनीच शिकवलं होतं. फ्लॅटमधल्या चौघांनी खापर माझ्या डोक्यावर फोडलं. मी म्हटलं, फोडा. बापाने मुलीच्या लग्नाला जावं असं सांगणारा सिनेमा वाईट असेल तर मी असले शंभर आणीन. खूप तोऱ्यात होतो.

मग स्टोअरकीपर लीव्हवरून परत आला. मी त्याला कॅसेट दिली आणि मोठ्या ऐटीत सांगितलं की तुमच्या त्या बापाने आमच्या चाचांना घरी पाठवलं.

"कुठला बाप?" तो म्हणाला.

"खोका घेऊन येतो तो."

"तो बाप नाही. बाप फोटोतला. तो तिकडे मेला. हा त्याचा रूममेट, त्याचं सामान घरी पोचवायला येतो."

मी गोदामात एका पेटीवर बसलो. म्हणजे कप बरोबरच होता. परक्या माणसाला पाहुण्यांच्या कपात कॉफी देणार नाहीत तर कशात देतील? बूटही बरोबर होते. बापाने कधीतरी घेऊन ठेवले होते आणि न्यायचे राहून गेले. सबंध सिनेमात मी सांगितलेलं एकच खरं होतं, की पाऊस पडतोय. आणि त्या सिनेमावर एका माणसाने फोरमनची जागा सोडली होती.

चाचा परत आले आणि आपल्याच हाताखाली शिकलेल्या पोराचे हुकूम ऐकत दीड वर्ष काम करत राहिले. मी त्यांना सांगितलं नाही. सगळ्या फ्लॅटशी भांडणारा मी, या एका गोष्टीला घाबरलो. शुक्रवारी माझी पाळी आली की मी हिंदी सिनेमे आणायला लागलो. तेव्हा चाचाच एकदा म्हणाले, "तुझे ते रडके बंद का केलेस? आण की." मग पुन्हा आणायला लागलो, पण मधे मधे सांगायचं मात्र सोडलं. दीड वर्षाने चाचा कायमचे गावी गेले.

मी बहरीन सोडल्यावर पाच-सहा वर्षांनी दापोलीला काम निघालं, तेव्हा त्यांच्याकडे गेलो. चाचा ओट्यावर सुंभ वळत बसले होते. केस पांढरेशुभ्र झालेले, बाकी तेच. मी बसलो आणि पाणी पिण्याच्या आधीच सगळं सांगून टाकलं. तो माणूस बाप नव्हता, बाप मेलेला होता, मी तुम्हाला खोटं सांगितलं, तुमची जागा माझ्यामुळे गेली.

चाचा सुंभ वळत राहिले. "मी तेव्हाच बोललो होतो," ते म्हणाले. "नाक वेगळं आहे."

तेवढ्यात त्यांची धाकटी बाहेर आली, माहेरपणाला आलेली, कडेवर मूल. एका हातात ट्रे. माझ्यापुढे तिने सोनेरी कडेचा कप ठेवला, खाली बशी, बाजूला चमचा. मग चाचांना म्हणाली, "अब्बा, तुमचा हा," आणि दांडी उडालेला, टवका गेलेला एक कप त्यांच्या हातात दिला.

"चहा घे," चाचा मला म्हणाले. "निवतोय."